नसलेलं ठिगळ

त्या लुगड्याला ठिगळ नव्हतं. ते मी लावलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा प्रवास या दोन वाक्यांपायी झाला. मी सांगलीत चित्रकलेचे वर्ग घेतो आणि स्वतः जलरंगात माणसं काढतो. बहुतेक बाजारातली, बसलेली, आपापल्या कपड्यांतली. चेहरे मला बेताचेच जमतात. कपडे मात्र जमतात: पदराचा झोळ, धोतराचा सोगा, मांडी घातल्यावर गुडघ्यावर ताणलेलं कापड. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या आठवडे बाजारात गेलो होतो. तिथे लाल मिरच्यांच्या ढिगामागे केसरअक्का बसलेल्या दिसल्या. विटक्या लुगड्यातली, ताठ बसलेली, साठीपुढची बाई. चित्र काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आज नको, पुढच्या बाजाराला ये.

पुढच्या बाजाराला त्या नवं कोरं मोरपंखी लुगडं नेसून आल्या. लेकानं दिवाळीला घेतलेलं, पेटीतून तेव्हाच काढलेलं. घडीच्या उभ्या-आडव्या रेघा कापडावर तशाच होत्या. खरं सांगायचं तर माझा हिरमोड झाला. मला विटकं लुगडं हवं होतं. तरी बसलो काढायला.

ज्यांनी जलरंग कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की यात पांढरा रंग वापरायचा नसतो, उजेड म्हणजे न रंगवलेला कागद, आणि एकदा लावलेला रंग मागे घेता येत नाही. रंग ओला असताना काम करायचं, नाहीतर पूर्ण वाळू द्यायचं. मधल्या वेळेत, अर्धवट ओल्या रंगावर, पाण्यानं भरलेला कुंचला टेकवला तर पाणी आधीचा रंग ढकलत पसरतं आणि दातेरी कडेचा फिका डाग उठतो. खानदेशातलं ऊन एवढं, की ही मधली वेळ आली कधी आणि गेली कधी ते कळत नाही. अक्कांच्या डाव्या खांद्यावर, मोरपंखी रंगाच्या ऐन मध्यभागी, असा डाग उठला.

घरी आल्यावर मी त्या डागाला चार बाजू दिल्या. बारीक कुंचल्यानं टाके घातले. डागाचं ठिगळ झालं, आणि ठिगळाच्या लुगड्यावर नव्या घडीच्या रेघा शोभल्या नसत्या, म्हणून त्या काढल्याच नाहीत.

चित्र गाजलं ते ठिगळामुळेच. एका पतसंस्थेनं आपल्या दिनदर्शिकेवर छापलं आणि ते धुळ्याकडच्या घराघरांत गेलं. मला ठिकठिकाणी बोलवू लागले. बोलताना मी म्हणायचो, "ते ठिगळ पाहिलं आणि मला त्या माउलीचं सगळं आयुष्य दिसलं." टाळ्या पडायच्या. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की पुढे पुढे मला ते ठिगळ खरंच आठवू लागलं.

मग पुण्यात अशाच एका कार्यक्रमानंतर एक तरुण मुलगी थांबली. साक्रीची होती, पुण्यात नर्स होती. सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "सर, केसरअक्कांच्या त्या लुगड्याला ठिगळ नव्हतं. आणि त्या ठिगळापायी त्यांच्या मुलानं त्यांचा बाजार बंद केला, हे तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणालो, "असेल. आता नीट आठवत नाही."

हे दुसरं खोटं. ते घेऊन मी कितीतरी दिवस काढले. शेवटी थंडीत रंगांची पेटी आणि दोन कपडे घेतले आणि निघालो. अक्कांना पुन्हा त्यांच्या जागेवर बसलेलं पाहिल्याशिवाय परतायचं नाही, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्यांना तोंड तर दाखवा."

धुळे

धुळ्यात उतरलो ते सकाळी. आमच्या कृष्णाकाठच्या थंडीला ओल असते, इथली कोरडी. हाताची कातडी लगेच ताणली जाते. पाण्यात रंग कालवणाऱ्या माणसाला हा फरक आधी बोटांना कळतो.

बसस्थानकाबाहेर एका टपरीवर चहा प्यायला थांबलो आणि समोर माझंच चित्र. तारखांचा भाग कापून टाकलेला, वरचं चित्र काच लावून चौकटीत बसवलेलं, खाली उदबत्तीचं घर. टपरीवाला मी बघतोय हे पाहून म्हणाला, "बघा भाऊ, पोरं आईबापाला कशी ठेवतात. माझ्या पोरांना मी रोज दाखवतो."

"ओळखता त्यांना?"

"ओळखायचं काय त्यात? ठिगळ दिसतंय ना."

इथेच सांगायला हवं होतं. निघालो होतो ते याचसाठी. पण मी कपातला शेवटचा घोट घेतला, कप ठेवला आणि साक्रीची बस कुठे लागते ते विचारलं.

साक्री

धुळ्याहून साक्रीकडे जाताना जमीन हळूहळू वर चढते. डोंगरांच्या कडेवर पवनचक्क्या उभ्या, खाली कोरडवाहू शेतं, कापूस वेचून झालेल्या काळ्या काड्या. बाजाराचा दिवस होता, म्हणून बस भरलेली. डोंगराकडच्या बायकांच्या अंगावर छातीवरून खांद्यावर घेतलेल्या रंगीत फडक्या होत्या. आमच्याकडे बाया बाजाराला जाताना ठेवणीतलं नेसत नाहीत, धूळ लागते म्हणून. इथे उलट. बाजार म्हणजे चार लोकांत जाणं. हे मला पहिल्या खेपेला कळलं असतं तर अक्कांनी लुगडं का बदललं तेही कळलं असतं.

मिरचीवाल्यांची रांग तशीच होती. अक्कांच्या जागेवर मात्र वेताची एक टोपली उपडी ठेवलेली, आणि तिच्या एका बाजूला बांगड्यांचं दुकान मांडून एक बाई बसलेली. जमीलाबी हे तिचं नाव मला मागाहून कळलं. डोक्यावरची ओढणी सारखी करत ती एका मुलीच्या हातात बांगड्या चढवत होती.

"भाऊ, बांगड्या भरनार का?" तिनं न बघताच विचारलं. "नई ना? मंग समोरथीन सरक. गिऱ्हाईकले दिसत नई."

मी सरकलो. "इथे केसरअक्का बसायच्या ना?"

"बसे. आते नई बसत. कोन तुमी?"

"मी त्यांचं चित्र काढलं होतं."

तिचे हात थांबले. बांगड्या भरून घेणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. जमीलाबीनं मान वळवून पलीकडच्या लसूणवालीला हाक मारली, "वं सुमन, इकडे देख. ठिगळवाला वना."

वना म्हणजे आला. आणि ठिगळवाला, हे इथे माझं नाव होतं. सांगलीत मला लोक सर म्हणतात, पुण्यात चित्रकार म्हणतात. साक्रीच्या बाजारात मी ठिगळवाला होतो, आणि ते नाव ऐकून आणखी दोघी-तिघी आपापली जागा सोडून मला बघायला आल्या. एकीनं माझ्या सदऱ्याची बाही धरून पाहिली. "याना कपडास्ले ते ठिगळ नई," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

जमीलाबीनं जे सांगितलं ते असं. अक्कांचा मुलगा प्रकाश जळगाव जिल्ह्यात वरणगावला कापडाच्या दुकानात कामाला आहे. दिनदर्शिका आली आणि तो गावी आला की जो तो विचारू लागला, लोकांच्या आयांना लुगडी दाखवतोस आणि तुझी आई ठिगळात? प्रकाश एकदा ते मोरपंखी लुगडंच हातात घेऊन चौकात आला. उलगडून दाखवलं सगळ्यांना, कुठे आहे ठिगळ बघा म्हणाला. तर लोक म्हणाले, बोलल्यावर नवं घेतलं असेल. त्यानंतर तो आईला घेऊन गेला. ती बाजारात बसली की आणखी चार जण चार गोष्टी बोलणार, त्यापेक्षा बसायलाच नको.

"आनि ही टोपली?"

"तिनीच शे. दर बाजारले मी उपडी ठेवस. बाजारमा जागा रिकामी दिसनी का गई." जमीलाबीनं टोपलीवरची धूळ हातानं झटकली. "नवा लोके येतस, म्हनतस, म्हातारी आते कसानी येस. मी म्हनस, येई."

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्यानं. डाग, टाके, पुण्यातलं खोटं. ती ऐकत बांगड्यांचे तोडे लावत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिनं फडकं सोडून कळण्याची भाकरी काढली, ज्वारी आणि उडदाची, थोडी कडवट, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. अर्धी माझ्यापुढे केली.

"खाय. उपाशीपोटे शिव्या पचत नईत. वरणगावले जासी ना? तठे भेटतीन तुले."

ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्या बायकांनी त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे, पण सुमननं पाण्याचा तांब्या पुढे केला.

जळगावकडे

दुसऱ्या दिवशी साक्रीहून परत धुळे, तिथून पारोळा, एरंडोल करत जळगाव. कुठेतरी मधे शेतं हिरवी होतात आणि केळीच्या बागा सुरू होतात. उन्हात धरलेलं केळीचं पान मागून बघावं, तसा हिरवा माझ्या पेटीत नाही. कालवूनही होत नाही.

एरंडोलला माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दोन्ही इतकी कडक की बसल्यावर सदरा वाजला. मांडीवर वही होतीच, हात चालायला लागला. पण टोपीपाशी थांबलो. पूर्वी थांबलो नसतो. आता विचारलं, "आबा, तुमचं चित्र काढू का?"

आबांनी आधी टोपी काढून दोन्ही हातांनी कडा नीट केल्या आणि पुन्हा घातली. "काढा. पन टोपीले इस्तरी करेल शे, ती दिसाले पायजे."

इस्त्री कशी काढायची, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. रेघ एका दमात ओढली, कुठे हात थरथरला नाही तर कापड कडक दिसतं, असं करून पाहिलं. बस खड्ड्यातून गेली आणि टोपीला एक चुणी पडली. आबांनी वही हातात घेतली, लांब धरून बघितली.

"हाई काय?"

"बस हलली."

"मंग दुसरी काढा. आपले काय घाई शे का?"

दुसरी काढली. पारखून झाल्यावर पहिलं चित्र त्यांनी फाडायला लावलं आणि दुसरं घडी न घालता, पिशवीत दोन वर्तमानपत्रांच्या मधे ठेवून घेऊन गेले. मला राग आला नाही. हसू आलं, आणि मग आठवलं, की केसरअक्कांना मी चित्र दाखवलंसुद्धा नव्हतं. तेव्हा म्हणालो होतो, अजून पूर्ण व्हायचंय.

जळगावात भरीत-पुरी खाल्ली. हिरवी लांबट वांगी काड्यांवर भाजून लाकडाच्या मुसळानं ठेचलेली, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची धार. आमच्याकडचं वांग्याचं भरीत दह्यात असतं, मऊ, आजारी माणसालाही चालेल असं. हे भरीत धडधाकट माणसाचं. वाढणाऱ्यानं आग्रह केला तसा आणखी घेतलं आणि पोट दुखेस्तोवर जेवलो. उद्या प्रकाशसमोर उभं राहायचं होतं. ते टाळायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी जेवत राहिलो.

वरणगाव

दुकान लहान होतं, पण कापड छतापर्यंत. गादीवर मालक शेठ पेपर वाचत बसलेले, आणि मोजपट्टी खांद्यावर टाकून पस्तिशीतला एक माणूस उभा. अक्कांचाच ताठ पाठीचा कणा. मी ओळखलं.

"काय दाखवू, काका?"

मी ठरवून आलो होतो की सरळ सांगायचं. तोंडातून निघालं, "लुगडं. मोरपंखी."

"काठ कसला?"

"साधाच."

त्यानं फळीवरून एक ओढलं आणि मनगटाच्या एका झटक्यानं माझ्यापुढे पसरलं. कापड हवेत उघडलं आणि गादीवर अलगद बसलं. त्यावर घडीच्या रेघा होत्या, उभ्या आणि आडव्या, खिडकीच्या चौकटीसारख्या. त्या रेघांकडे बघत मी म्हणालो, "साक्रीच्या केसरअक्कांना असंच होतं. त्याचं चित्र मी काढलं. ठिगळ मी काढलं."

प्रकाशनं लुगडं गोळा केलं, जुन्या घडीवर नवी घडी बरोबर बसवली, फळीवर ठेवलं. मग शेठना म्हणाला, "जेवून येतो." आणि मला म्हणाला, "चला."

तो पुढे, मी मागे. घर दोन खोल्यांचं. दारातच अक्का मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "रंगवाला भाऊ ना तू? वाळी गया बिचारा."

"वाळला कसला, चांगला खाऊनपिऊन आहे," प्रकाश म्हणाला. "माय, यानंच ठिगळ लावलं तुला."

"माले म्हाईत शे. दुसरा कोन लाई?"

मी पायरीवरच बसलो आणि बोललो. अक्का देठं काढत राहिल्या. प्रकाश मात्र उभाच. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "एक सांगा. ती गरीब दिसावी म्हणून केलंत?"

नाही म्हणायला जीभ उचलली. पण खरं तसं नव्हतं. "आधी डाग झाकायला केलं," मी म्हणालो. "मग ती गरीब दिसली, लोकांना आवडली, म्हणून ठेवलं."

"डाग म्हणजे कसला डाग?"

मी पेटी उघडली. कागदावर मोरपंखी रंग ओढला, थोडा सुकू दिला, आणि पाण्यानं भरलेला कुंचला मधे टेकवला. रंग मागे सरकला, कडा दातेरी झाल्या, फिका डाग फुलत गेला. प्रकाश वाकून बघत होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग राहू द्यायचा ना." तो आता बसला. "डाग राहिला असता तर तो तुमचा राहिला असता. ठिगळ आमच्या घरावर आलं. मी कापड विकतो, काका. आमच्याकडं माल आला की गाठोडं सोडून पहिलं लुगडं मी मायसाठी बाजूला ठेवतो. शेठला माहीत आहे. ते कोणाला जाऊन सांगू?"

मी अक्कांकडे वळून हात जोडले. म्हणालो, "अक्का, ठिगळ नव्हतं. मी चुकलो."

त्यांनी मिरचीचं देठ मोडलं. "माले काय सांगस, भाऊ? ठिगळ नव्हतं हाई माले म्हाईत शे. याले म्हाईत शे. ज्यास्ले म्हाईत नई त्यास्ले सांग."

"कुठे?"

"बाजारमा. आखो कोठे?"

"माय, तू बाजाराला जायचं नाही," प्रकाश म्हणाला. "पुन्हा बसलीस की पुन्हा तेच. म्हणतील, लेकानं मिरच्या विकायला लावली."

"आनि आठे काय करू?" अक्कांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "आठेना लोके निराळंच बोलतस. ती शेजारीन काय बोलस ते माले समजत नई, मी काय बोलस ते तिले समजत नई. माले कोन्हासंगे भांडता बी येत नई."

प्रकाशला हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण आलं. तो म्हणाला, "बघा. भांडायला बाजार पाहिजे हिला."

"तू म्हने चल, मी वनू," अक्का म्हणाल्या, आता हळू. "तुले लोके बोलतस म्हनीसन वनू. आते हाऊ वना शे सांगाले, ते सांगू दे त्याले. तू नई वना ते मी एकली जास. जमीलानी जागा धरी ठेवेल शे ना, भाऊ?"

"टोपली उपडी ठेवते. दर बाजाराला."

अक्का उठून आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि डांबरगोळ्यांचा वास दारापर्यंत आला. अक्का ते मोरपंखी लुगडं घेऊन बाहेर आल्या. चौकात उलगडून दाखवल्यावर प्रकाशनं ते लुगडं होतं तसं घडी घालून ठेवलं होतं, आणि अक्कांनी ते परत कधी नेसलं नव्हतं. घडीच्या रेघा पूर्वीपेक्षा खोल झाल्या होत्या.

प्रकाशनं लुगडं हातात घेऊन काठ सारखा केला. मग मला म्हणाला, "बाजाराच्या दिवशी मी सुट्टी टाकतो. पण तुम्ही तिथं तुमच्या पुस्तकी भाषेत बोलू नका. त्याला कोणी कान देत नाही."

पुन्हा साक्री

येताना बसमध्ये अक्कांनी त्यांच्या बोलीची माझी शिकवणी घेतली. एकेक वाक्य म्हणायला लावलं. 'लुगड्याला' म्हटलं की मांडीवर चापट बसायची. "लुगडाले." पुढच्या बाकावरची बाई मागे वळून म्हणाली, "कसाले मारस वं म्हातारी, पाव्हना शे तो." अक्का म्हणाल्या, "शिकी राह्यना, शिकू दे."

जमीलाबीनं आम्हाला लांबूनच पाहिलं. उठली नाही. फक्त हात लांब करून टोपली उचलली आणि सुलटी केली. मोरपंखी लुगडं नेसलेल्या अक्का मिरच्यांचं पोतं ओतून तिथे बसल्या आणि बूड टेकतं न टेकतं तोच पहिल्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागल्या, मिरची जुनी आहे असं त्यानं म्हटलं म्हणून. तो माणूसही हौसेनं भांडला. प्रकाश मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

मी समोर बसून कागद ओला केला. हिवाळ्याचं ऊन सौम्य होतं, रंग वाळायला वेळ देत होता. खांद्याचा मोरपंखी आधी टाकला, आणि हात बाजूला ठेवून थांबलो. मागे बायका गोळा झाल्या होत्या. ठिगळवाला आलाय हे कळल्यावर पुरुषही आले. कोणी विचारत होता, आता काय लावणार म्हणे? मी रंग पूर्ण वाळेपर्यंत कागदाला हात लावला नाही. वाळल्यावर घडीच्या रेघा काढल्या, एक उभी, एक आडवी, थोडा गडद तोच रंग घेऊन. खांद्यावरून खाली, गुडघ्यावर वाकून, पुन्हा सरळ.

मग पायाकडचा भाग ओला असताना अक्कांनी गिऱ्हाइकासाठी मिरच्या ओंजळीनं उचलल्या, खकाणा उडाला, आणि मला एकामागून एक शिंका आल्या. हातातला कुंचला थेंब टाकून गेला. निऱ्यांवर, खालच्या बाजूला, तो दातेरी डाग फुलू लागला. सगळ्यांसमोर.

माझा हात सवयीनं फडक्याकडे गेला. तो मागे घेतला आणि मान वळवून प्रकाशकडे पाहिलं.

तो पुढे आला, वाकला, डागाकडे बघितलं. "राहू द्या," तो म्हणाला.

राहू दिला. चित्र सुकल्यावर अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी आधी खांद्यावर बोट ठेवून पाहिलं, मग रेघांवरून बोट फिरवत गेल्या, आणि चित्र जमीलाबीकडे दिलं, तिनं सुमनकडे, सुमननं पुढे. ते हातोहात मिरचीच्या रांगेच्या टोकापर्यंत गेलं. तिथून परत आलं. चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं, पण चौकात प्रकाशनं लुगडंही दाखवलंच होतं. नुसतं दाखवून तेव्हाही भागलं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "आते बोल."

मी उभा राहिलो.  पहिलं वाक्य हळूच म्हटलं, तर जमीलाबी म्हणाली, "जोरमा बोल, भाऊ. भावटाव करस तसा." मी अक्कांच्या शेजारी, टोपलीला लागून उभा राहिलो आणि तोंड बाजाराकडे केलं.

"मी ठिगळवाला. केसरअक्काना लुगडाले ठिगळ नव्हतं. लुगडं नवं व्हतं, प्रकाशनी मायकरता लिधं व्हतं. मन्हा हातथीन चित्रवर डाग पडना. तो झाकाकरता मी ठिगळ काढं, आनि मंग गावोगाव खोटं बोलनू. ठिगळ मन्हं शे. अक्का, प्रकाश, मन्ही चूक व्हयनी. माले माफ करा."